लेखकराव, लेखक आणि लेखकु

मराठीत कवी होणे त्या मानाने सोपे आहे. चार ओळी लिहिल्या, कोणी ऐकून मान हलवली, की माणूस कवी होतो. परिचित मंडळी त्याला रस्त्यात टाळू लागली की त्यावर शिक्कामोर्तब होते. चित्रकाराच्या बोटांना रंग लागलेला असतो, गवयाचा रियाझ चार घरे पलीकडे ऐकू जातो. लेखकाचे तसे नाही. नेमके काय हातून घडले म्हणजे माणूस लेखक झाला, हे कोणालाच धड सांगता येत नाही. ज्याच्यावर ते घडायचे असते त्याला तर मुळीच नाही. वर्तमानपत्राला पत्रे पाठवणारा पत्रलेखक असतो, कचेरीत टिपणे काढणारा लेखनिक असतो. पण कोणतेही उपपद न लावता नुसते 'लेखक' म्हणवून घ्यायचे, तर वाटेत एक पुस्तक उभे असते. असे एक पुस्तक लिहिता लिहिता आमची चौदा वर्षे गेली. त्या काळात पुस्तकाशी जेवढी झटापट झाली तेवढीच, किंबहुना काकणभर अधिक, या एका शब्दाशी झाली. हा लेख त्या झटापटीविषयी आहे.

भालचंद्र नेमाडे यांचा 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' हा लेख मराठी वाचकांना परिचित आहे. तो पुढे 'टीकास्वयंवर'मध्ये समाविष्ट झाला. प्रतिष्ठा, पुरस्कार आणि संस्था यांच्या संगतीत लिहिणाऱ्याचे काय होते, याची ती झोंबरी चिकित्सा आहे, आणि 'लेखकराव' हा शब्द त्यानंतर मराठीत कायमचा रुजला. आम्ही तो लेख महाविद्यालयात असताना वाचला आणि लेखकराव व्हायचे नाही असा निश्चय त्याच रात्री केला. हा निश्चय पाळणे आम्हांला फारच सोपे गेले. लेखकराव होण्यासाठी आधी लेखक व्हावे लागते, आणि तेच होत नव्हते. नेमाड्यांचा इशारा घर बांधून झालेल्यांसाठी होता. आम्ही पायाच खणत होतो, आणि खणलेल्यात दर पावसाळ्यात पाणी साठत होते.

पाण्याची उपमा ओघात आली, पण ती निष्कारण नाही. आमचे पुस्तक एका बुडालेल्या गावाविषयी आहे. कोयना नदी महाबळेश्वरी उगम पावून जावळी आणि पाटण तालुक्यांतून दक्षिणेला वाहते. १९६० च्या दशकाच्या आरंभी धरणाचे पाणी त्या खोऱ्यात चढू लागले आणि नदीकाठची गावे एकामागून एक उठली. माणसे सांगली, सोलापूर, ठाणे, कुलाबा अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत नेऊन वसवली गेली. डोंगरातल्या नाचणी-वरीच्या माणसांना सपाट, परक्या मातीत पुन्हा शेतकरी व्हावे लागले. ज्यांना ते जमले नाही ते मुंबईत गोदीत, गिरण्यांत आणि बाजारपेठांत ओझी उचलायला गेले. कोयनेच्या विजेने महाराष्ट्रातल्या उद्योगांना बळ दिले, हे शाळेच्या पुस्तकात असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंपही असतो. पाण्याखाली गेलेल्या गावांत कोण कोणत्या ओट्यावर बसत असे, हे त्यात असण्याचे कारण नाही. आमच्या आईचे माहेर त्यांपैकी एका गावात होते. गाव उठले तेव्हा आई दहा वर्षांची होती आणि तिची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, तेवीस वर्षांची. मावशीला गावातच दिलेली होती. त्यामुळे माहेर आणि सासर ही दोन्ही तिने एकाच पावसाळ्यात गमावली.

या विषयावर पुस्तक व्हायला हवे असे २०१० साली वाटले, आणि ते आपणच लिहावे असेही वाटले. पहिल्या वाटण्यात काही विशेष नाही, पण दुसऱ्यापासून सगळा त्रास सुरू झाला.

आम्ही बँकेत नोकरी करीत होतो. पहाटे पाच ते सात ही वेळ लिहिण्याची ठरवली आणि बदलीच्या काळातील दोन-चार खंड सोडले, तर ती पाळलीही. घरी पाहुणे आले की पत्नी त्यांना दबक्या आवाजात सांगे, "ते लिहायला बसलेत." मराठी भाषेची मार्मिकता अशा वेळी जाणवते. लिहायला बसणे आणि लिहिणे या दोन क्रियांत केवढे अंतर आहे, आणि ते भाषेने किती अलगद राखून ठेवले आहे! पाहुणे आदराने चपला हलक्या पायांनी काढीत आणि आत आम्ही एका वाक्यातील 'होते' काढून 'असे' घालीत असू. दुसऱ्या दिवशी 'असे' काढून पुन्हा 'होते'.

पहिला मसुदा कादंबरीचा होता. तो चाळिसाव्या पानाला थांबला. दुसरा मसुदा संशोधनपर होता. त्यात कालव्यांचे, भूसंपादनाचे आणि पुनर्वसनाचे तपशील आले, तोही चाळिसाच्या आसपास थांबला. तिसरा आठवणींचा होता. त्याने बेचाळिसावे पान गाठले. तीन निरनिराळ्या प्रकारचे लेखन एकाच मैलाच्या दगडापाशी बसकण मारते, तेव्हा दोष प्रकाराचा नसतो, श्वासाचा असतो. तो श्वास कोठून आला याचा विचार केल्यावर जे सुचले, ते आमच्यापुरते मर्यादित नसावे, म्हणून येथे थोडे सविस्तर मांडतो.

मराठीत गद्य लिहिणाऱ्याची घडण बहुतांशी नियतकालिकांत होते. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचे वर्ष पाडव्याला सुरू न होता दिवाळीला संपते. कथा, ललित लेख, व्यक्तिचित्र, प्रवासवर्णन या सगळ्यांची लांबी दिवाळी अंकाच्या पानांनी ठरवून दिली. त्या लांबीत आपल्याकडे किती उत्तम काम झाले आहे, हे सांगायला नकोच. पण त्याचा परिणाम असा की मराठीतील 'पुस्तक' ही वस्तू पुष्कळदा संग्रह असते. कथासंग्रह, लेखसंग्रह, काव्यसंग्रह. आधी सुटे सुटे छापले, मग गोळा केले, वर प्रस्तावना जोडली. पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत एकच ओझे डोक्यावर घेऊन चालायचे, तर त्याची तालीम कोठे होत नाही. जे तीन हजार शब्दांत शेवटाची चाहूल लागण्याच्या सवयीने वाढले, त्यांना चाळीस पानांनंतर दम लागला तर नवल नाही. चाळीस पानांपर्यंत विषयाची ऊब पुरते. त्यापुढे ज्यावर चालायचे ते काहीतरी दुसरे असावे लागते.

ते काय, याचा शोध घेण्यासाठी आम्ही थोरांची चरित्रे चाळू लागलो. लिहिता न येणारी माणसे हे करतातच. त्यातून दिलासा मिळाला, पण शिस्त लागली नाही, कारण उदाहरणे एकमेकांना खोडून काढीत. नेमाड्यांनी पंचविशीत 'कोसला' अवघ्या काही दिवसांत लिहून काढली. ती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मराठी कादंबरीचे वळण बदलले. त्याच लेखकाच्या १९७९ च्या 'झूल'नंतरची कादंबरी, 'हिंदू', २०१० मध्ये आली. मध्ये एकतीस वर्षे. अरुण कोलटकरांचा मराठी कवितासंग्रह १९७७ मध्ये निघाला, आणि नंतरचे संग्रह थेट २००३ पासून पुढे, आयुष्याच्या अगदी कडेला. तेव्हा वेळ किती लागला यावरून काही सिद्ध होत नाही. फार झाले तर आमच्यासारख्यांना चौदा वर्षांचा हिशेब देताना थोरांच्या सावलीत उभे राहता येते, इतकेच.

वेळेने जर काही ठरत नसेल, तर 'आपण लेखक आहोत' या भावनेने तरी ठरते का? येथेही इतिहास गप्प बसवतो. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्यासाठी उपयोगी पडावे म्हणून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या, आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' हा मराठी गद्याचा मानदंड उभा राहिला. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेतात त्यांच्या तोंडून जे निघाले ते सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने टिपून ठेवले. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने १९५२ मध्ये ते कागद पुस्तक झाले. अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले. घाटकोपरच्या चिरागनगरमधील झोपडीत राहून त्यांनी लिहिले, आणि १९५९ ची 'फकिरा' आजही वाचली जाते. दया पवारांच्या १९७८ च्या 'बलुतं'त तर एकाच माणसाचे दोन भाग एकमेकांशी बोलतात. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. या चौघांपैकी कोणी आधी लेखक झाले आणि मग लिहिले, असे दिसत नाही. प्रत्येकाच्या पुढे एक सांगण्याची गोष्ट होती, आणि ती सांगितली नाही तर कोणाचे तरी काहीतरी कायमचे नाहीसे होणार होते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. यांतील काही ग्रंथ, आणि त्याआधी हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्याही, तुकड्यातुकड्याने लिहिल्या गेल्या आहेत. 'करमणूक' हे साप्ताहिक १८९० मध्ये सुरू झाले, आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्याच्या अंकांतून आठवड्याला थोडी थोडी वाचकांपुढे गेली. पुढच्या अंकाची वाट पाहणारे कोणी तरी घरी बसलेले आहे, हे ओझे हरिभाऊंच्या डोक्यावर होते. 'स्मृतिचित्रे'लाही वाट पाहणारा एक मुलगा होता. आमची वाट कोणी पाहत नव्हते. ओळखीचे लोक विचारीत, "काय लिहिताय सध्या?" हा प्रश्न मोठा सभ्य असतो. त्याचे उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही. साहित्य संमेलनाच्या मांडवात, पुस्तकांच्या दालनांसमोर, हातात पिशवी धरून उभे असताना तो आम्हांला इतक्यांदा विचारला गेला, की पुढे पुढे आम्ही पिशवी या हातातून त्या हातात घेऊन "चाललंय" असे म्हणू लागलो.

जुन्या काळी या वाट पाहण्याची जागा संपादक भरून काढीत असत. श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांची लेखकांना गेलेली पत्रे हा मराठी साहित्याचा एक अदृश्य विभागच आहे. लेखन परत येई, पण का परत आले हे सांगणाऱ्या मजकुरासह. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झाले. त्यानंतरही चांगले संपादक झाले आणि आजही आहेत, परंतु एखाद्या अनोळखी माणसाच्या अर्धवट हस्तलिखितावर महिनेच्या महिने खर्च करणे आजच्या व्यवहारात बसत नाही, आणि त्यासाठी कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही. आम्ही दुसरा मसुदा एका प्रकाशकांना दाखवला होता. त्यांनी तो परत करताना, पूर्ण झाल्यावर छपाईचा निम्मा खर्च आपण उचलाल का, एवढीच विचारणा केली. मजकुराविषयी एक अक्षर नव्हते. त्या दिवशी पैशांपेक्षा त्या न आलेल्या अक्षराने आम्हांला अधिक बोचले.

या सगळ्यातून वाट निघाली ती ग्रंथांतून नव्हे. पण ती निघाल्यानंतर दोन जुने ग्रंथ आम्हांला नव्याने कळले, म्हणून क्रम थोडा उलटा करून आधी त्यांविषयी सांगतो.

'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेविषयी आहे. काय लिहावे याचा उपदेश समर्थांनी अन्यत्र भरपूर केला आहे. या समासात मात्र कसे लिहावे, आणि तेही अगदी हाताने कसे लिहावे, एवढेच आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्या. एका ओळीला दुसरीचा धक्का लागू नये. तरुणपणी डोळे चांगले म्हणून फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येणार नाही. कागदाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. बोरू कोणते, शाई कोणती, सुऱ्या, दप्तरे, मेणकापडे, पेट्या, कुलपे, सगळ्याची व्यवस्था त्यात सांगितली आहे. आणि या सगळ्यात एक मागणी अशी आहे की पहिले अक्षर जसे उतरले, तसेच ते ग्रंथ संपेपर्यंत उतरत जावे. सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटावा. चाळिसाव्या पानाला अडखळलेल्या माणसाने ही मागणी वाचली की त्याच्या अंगावर काटा येतो. प्रतिभेचा उल्लेख या समासात कोठेच नाही. मागितले आहे ते हाताचे सातत्य, आणि आपण गेल्यावर ते पान ज्याच्या हाती पडेल त्याची काळजी.

दुसरा ग्रंथ 'ज्ञानेश्वरी'. तिच्या अखेरीस शके १२१२ या कालाचा निर्देश करणारी ओवी आहे, आणि त्याच ओवीत सच्चिदानंदबाबा आदराने 'लेखकु' झाल्याचे म्हटले आहे. ही ओवी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. परंतु त्यातील शब्दाचा अर्थ एके दिवशी अचानक दिसला. ज्ञानेश्वरांनी टीका केली, आणि लेखक झाले ते सच्चिदानंदबाबा! म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीत लेखक म्हणजे लिहून घेणारा. दुसऱ्याच्या मुखातून जे येत आहे ते पडू न देता, सांडू न देता, कागदावर उतरवणारा. महानुभावांचे म्हाइंभट असेच. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या ज्याच्याजवळ होत्या त्याच्या त्याच्याकडे जाऊन त्यांनी त्या गोळा केल्या, आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ सिद्ध झाला. आमच्या भाषेच्या उगमापाशी लेखकराव नाही, आजच्या अर्थाचा लेखकही नाही. तेथे लेखकु बसला आहे, आणि तो ऐकतो आहे.

आता आमच्या वाटेविषयी.

२०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही ठाणे जिल्ह्यातील पुनर्वसित वसाहतीत मावशीकडे गेलो. तिसऱ्या मसुद्यात काही संदर्भ लागत नव्हते, ते विचारून घ्यावे एवढाच हेतू होता. मावशी तेव्हा शहात्तर वर्षांची होती. एका डोळ्याने दिसणे बंद झाले होते, दुसऱ्याचे भरवशाचे नव्हते. आमच्याजवळ गावच्या काही जमिनींचे जुने उतारे होते. सात-बाऱ्यावर शेताचे स्थानिक नाव असा एक रकाना असतो. आमच्या हाती आलेल्या उताऱ्यांत तो बहुधा कोराच होता. सरकारला क्रमांक पुरतो. आम्ही सहज विचारले, की आपल्या शेताला काही नाव होते का.

मावशी म्हणाली, "एका का शेताला? समद्यास्नी हुती. वड्यापासनं वर जायाचं. पयली पानवठ्याची पट्टी. मग रडकी."

"रडकी का?"

"बारा म्हैनं पाझरायची. उन्हाळ्यातबी पाय बुडायचा तिच्यात. मग थोरलं खाचर, मग उंबराचा दांड. लिवलंस का?"

आम्ही लिहिले नव्हते, कारण वही पिशवीत होती. ती बाहेर काढली. मावशीने पुन्हा ओढ्यापासून सुरुवात केली. तिला नावे सुटी सुटी आठवत नव्हती, ती चालत आठवत होती. मध्ये कोणी चहा आणला, कोणी हाक मारली, की वाट मोडे आणि ती पुन्हा ओढ्यावर जाऊन उभी राही. पाणवठ्याची पट्टी, रडकी, थोरले खाचर, उंबराचा दांड, म्हसोबाचा तुकडा, करवंदीचा टेप. प्रत्येक फेरीत ती थोडी पुढे जाई. आणि प्रत्येक नावाशी थांबून, तिच्या त्या अंधुक डोळ्याने आमच्या हाताच्या दिशेला पाहून, विचारी, "लिवलंस का रं?"

या प्रश्नाची आणि "काय लिहिताय सध्या?" या प्रश्नाची तुलना आम्ही पुढे कितीतरी वेळा मनाशी केली. मावशीला आम्ही लेखक आहोत की नाही याच्याशी कर्तव्य नव्हते. बँकेतला भाचा आला आहे, त्याला अक्षर येते, एवढे तिला पुरेसे होते. तिला काळजी होती रडकीची. ती वहीत गेली की नाही, हे तिला विचारायचे होते. चौदा वर्षांत आमची वाट पाहणारे जे एकच माणूस होते ते हे, आणि तेही आमची नव्हे तर त्या नावांची वाट पाहत होते.

पुढची चार वर्षे आम्ही जमेल तेव्हा तिच्याकडे जात राहिलो. २०१८ च्या श्रावणात ती गेली. तोपर्यंत वहीत एकसष्ट नावे आली होती. शेते, बांध, पायवाटा, गुरे बसवायच्या जागा, एक डोह, आणि बाया धुणे धुताना ज्याच्यावर लुगडी वाळत घालीत तो एक दगडही. त्यालाही नाव होते. शेवटच्या भेटीत वरच्या अंगाची, देवराईकडची नावे राहिली होती. तेथवर चढताना तिला दम लागत होता. अंथरुणावर पडल्या पडल्या, केवळ आठवणीत चढतानाही लागत होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. देवराईच्या अलीकडे एका जागी ती थांबली, "हितनं म्होरं उद्या जाऊ" म्हणाली आणि झोपली.

परत आल्यावर आम्ही तिन्ही मसुदे बाजूला ठेवले आणि वही समोर घेतली. पुस्तकाचा क्रम वहीत तयार होता. ओढ्यापासून वर जायचे. प्रत्येक नाव एक प्रकरण, कोणते अर्ध्या पानाचे, कोणते बारा पानांचे. रडकीच्या प्रकरणात पाण्याचा सगळा विषय आला, भूसंपादनही तेथेच आले, कारण मोजणीला आलेल्या माणसाचा बूट तिच्यात रुतल्याची गोष्ट मावशीने सांगितली होती. थोरल्या खाचराच्या प्रकरणात वाटण्या आल्या. डोहाच्या प्रकरणात आईचे बालपण आले. कादंबरीत जे बनावट वाटत होते आणि संशोधनात जे कोरडे होत होते, ते या चालीत आपापल्या जागी बसत गेले. चाळिसावे पान कधी ओलांडले हे आम्हांला कळलेही नाही. त्या पहाटेला आम्ही उंबराच्या दांडावर होतो आणि चढ बराच बाकी होता.

एक अडचण मात्र शेवटपर्यंत पुरली, ती सर्वनामाची. पुस्तकात 'मी' म्हटले की बँकेतला माणूस पुढे येऊन उभा राही आणि गाव त्याच्या मागे झाकले जाई. 'ती' म्हटले की मावशी एखाद्या अहवालातील माहितीदार होई. खोऱ्यातली माणसे स्वतःविषयी बोलताना "आमी" म्हणतात. "आमी नाचणी लावायचो", "आमी पाणी बघितलं". त्यात बोलणारा असतो, त्याचे घर असते, गेलेली माणसे असतात आणि कधी कधी गुरेही असतात. आम्हीही लेखांतून स्वतःला 'आम्ही' म्हणत आलो आहोत. ही जुनी संपादकी लकब आहे आणि तिच्यात थोडा मानभावीपणा असतो हे ठाऊक आहे. पण त्या पुस्तकात 'आम्ही' लिहिताना प्रथमच असे झाले की त्या शब्दाच्या आत खरोखर एकापेक्षा अधिक माणसे होती.

पुस्तक २०२४ मध्ये लिहून पूर्ण झाले. दोनशे बारा पाने. आईला वाचून दाखवले. तिने डोहाच्या प्रकरणात एक वाक्य काढायला लावले, आणि का ते सांगितले नाही. आम्ही ते काढले. आता ते छापण्याचे प्रयत्न चालू आहेत. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देणारी एक योजना आहे, तिचे नाव नवलेखक अनुदान योजना. पन्नाशी उलटल्यावर आपण नवलेखक आहोत हे कळणे मोठे प्रसन्न करणारे असते. अर्ज भरताना दुखऱ्या गुडघ्यांनाही क्षणभर बरे वाटले.

सुज्ञ वाचक येथे विचारतील की, मग आता लेखक झाल्यासारखे वाटते का? प्रामाणिक उत्तर असे की, काही पहाटे वाटते, बहुतेक पहाटे वाटत नाही. पूर्वी ते वाटत नसे तेव्हा हात थांबे. आता हात थांबत नाही, कारण तो त्या वाटण्यावर चालत नाही. लेखक असण्याची भावना ही पुस्तकाचे भांडवलही नव्हे आणि त्याचे व्याजही नव्हे. ती आली तर पाहुण्यासारखी चहा घेऊन जाते. ज्यांचे पुस्तक चाळिसाव्या पानाला बसले आहे, आणि असे लोक आमच्या माहितीत बरेच आहेत, त्यांना आम्ही एवढेच सुचवू शकतो की आपल्या विषयाला वाट पाहणारे कोणी आहे का ते शोधावे. आपली वाट पाहणारे नव्हे, विषयाची. ते एखादी म्हातारी असेल, एखादा बंद पडलेला कारखाना असेल, एखादी न वाचली गेलेली पोथी असेल. ते सापडले की आपण कोण, हा प्रश्न मिटत नाही. पण वहीवर हात चालू असताना तो मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि फारसा त्रास देत नाही.

पुस्तकाच्या शेवटी एकसष्ट नावांची यादी जोडली आहे, ओढ्यापासून वरच्या क्रमाने. देवराईच्या अलीकडे ती थांबते आणि खाली जागा कोरी सोडली आहे. आमच्या अंदाजाने आणखी आठ-नऊ नावे असावीत. सांगली जिल्ह्यातल्या एका वसाहतीत वरच्या आळीतले एक गृहस्थ आहेत, नव्वदीच्या घरातले. कानाने कमी ऐकतात, पण गावाचे नाव काढले की बोलतात, असा निरोप आला आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे जायचे आहे. छापखान्याला घाई नाही. वही नवी घेतली आहे, आणि या खेपेला ती पिशवीत तळाशी न ठेवता वर ठेवणार आहोत.